दुरुस्ती करणाऱ्याचे पहिले अवजार

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके महाराष्ट्राच्या वीजनिर्मितीच्या इतिहासात मानाचे स्थान राखून आहेत. लोणावळ्याच्या परिसरातील वळवण, शिरवटा यांसारख्या तलावांचे पाणी घाटमाथ्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली आणून टाटांनी १९१५ मध्ये खोपोली येथे जलविद्युत केंद्र सुरू केले आणि मुंबईच्या कापडगिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे दुसरे केंद्र उभे राहिले. आज शंभर वर्षांनंतर याच घाटपायथ्याच्या गावांत आषाढातील एखाद्या सायंकाळी वारा सुटतो, ओली फांदी तारेवर पडते, दिवे मालवतात आणि दुकानातील संगणकाचा पडदा काळा होतो. काही वेळाने वीज परत येते. पडदा मात्र काळाच राहतो. कराचे विवरणपत्र भरण्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपणार असते. मग शेजारच्या दुकानात विचारणा होते, “तो कॉम्प्युटरवाला मुलगा सध्या कुठे असतो हो?”

हा ‘कॉम्प्युटरवाला मुलगा’ आता प्रत्येक गावाच्या गरजेचा भाग झाला आहे. कर्जतच्या बाजारपेठेत, नेरळला, खोपोलीत, चौकच्या नाक्यावर त्याचे छोटे दुकान असते, किंवा दुकान नसतेच. खांद्यावरच्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश आणि एक-दोन पेनड्राइव्ह घेऊन तो घरोघर फिरतो. वैद्याला, वकिलाला, हिशेबनिसाला समाजाने जो मान दिला तो त्याच्या वाट्याला अजून आलेला नाही. तरीही पतपेढीचे खाते, दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी, शाळेचे निकाल, सेवा केंद्रातून निघणारे दाखले आणि घरातील लग्नाची छायाचित्रे यांचे भवितव्य कित्येकदा त्याच्या हातात असते.

पूर्वी व्यापाऱ्याची कीर्द-खतावणी तिजोरीत असे आणि तिजोरीची किल्ली कमरेला असे. आता ती खतावणी एका पेटीत आहे, आणि पेटी बंद पडली की आपण ती उघडून दुसऱ्या माणसाच्या स्वाधीन करतो. म्हणूनच त्या माणसाचे काम नेमके काय असते, ते चांगले केव्हा होते आणि त्यात आपला स्वतःचा वाटा कोणता, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे.

पावसाची आणि विजेची दुखणी

प्रत्येक प्रदेशाची जशी स्वतःची दुखणी असतात, तशी तेथील यंत्रांचीही असतात. या भागात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने हवेत इतका ओलावा असतो की मीठ पाझरते, आगपेटी ओढत नाही आणि कपाटातील वह्या फुगतात. संगणकाच्या आतील जोडण्यांवरही हा ओलावा बसतो. त्यात तात्पुरती स्मृती सांभाळणारी ‘रॅम’ नावाची एक पट्टी असते. तिच्या कडेवरील धातूच्या टोकांवर मळाचा पातळ थर चढला की संगणक सुरू होताना नुसता बीप बीप असा आवाज करतो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. अशा वेळी जाणता माणूस वीज पूर्ण तोडतो, पट्टी काढतो, तिची टोके शाळकरी मुलाच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसतो आणि पुन्हा बसवतो. पुष्कळदा एवढ्यावर यंत्र चालू होते. ज्याला हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही सांगायचे नसते, तो मात्र ‘बोर्ड गेला’ असे जाहीर करतो.

वीज जाण्यापेक्षा वीज येण्याचा क्षण अधिक धोक्याचा असतो. खंडित पुरवठा पूर्ववत होताना दाब काही क्षण वरखाली होतो आणि त्या झटक्याने आतील पुरवठा करणारा भाग निकामी होऊ शकतो. म्हणून वीज गेली की मुख्य बटण बंद करावे आणि ती आल्यावर चार-पाच मिनिटे थांबून मगच चालू करावे, हा साधा नियम घरातील लहान मुलांनाही शिकवण्यासारखा आहे. आकाशात विजा कडाडत असताना यूपीएस असल्याच्या भरवशावर राहू नये. यूपीएस फक्त विजेच्या तारेकडे पाहतो. इंटरनेटची तांब्याची तार किंवा टीव्हीची केबल यांतूनही झटका आत येतो. दोन्ही तारा काढून ठेवणे हाच खरा उपाय होय.

अर्थिंगकडे तर आपले लक्षच नसते. मीठ आणि कोळसा घालून जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओल असेपर्यंतच ते आपले काम नीट करते. चैत्र-वैशाखात मुरमाड जमीन कोरडी पडली की ते दुबळे होते आणि संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटते. उन्हाळ्यात अधूनमधून त्या खड्ड्यात पाणी ओतावे आणि जोडणी वायरमनकडून तपासून घ्यावी. ही झीणझीण म्हणजे यंत्राची खोड नव्हे. तो इशारा आहे.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारे पंखांचे किडे, उबेसाठी यंत्रात शिरणारी पाल, तारांच्या बाजूने रांग लावणाऱ्या मुंग्या हेही या भागातील बिघाडांचे नेहमीचे कारण आहे. संगणकातील चुकीला जगभर ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. हा शब्द यंत्रांच्या दोषांसाठी आधीपासूनच वापरात होता. परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तेथील तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. आपल्याकडे संगणकाच्या पेटीच्या मागील बाजूस रिकाम्या राहिलेल्या खाचा पट्टीने झाकून ठेवल्या आणि रात्री यंत्रावरील दिवा मालवला, तर मुका जीवही वाचतो आणि यंत्रही वाचते. हवा खेळण्याची जाळी मात्र कधीही झाकू नये. कोंडलेल्या उष्णतेने संगणक मंदावतो आणि अखेरीस मध्येच बंद पडतो.

प्रश्नांचा क्रम

दुरुस्ती करणाऱ्याची पिशवी उघडली की त्यातील अवजारे आपल्याला दिसतात. त्याचे पहिले अवजार मात्र पिशवीत नसते. ते म्हणजे प्रश्न.

चांगला तंत्रज्ञ पेटी उघडण्याआधी विचारतो: हे शेवटचे नीट कधी चालले होते? त्यानंतर काय बदलले? वीज गेली होती का, नवा प्रिंटर लावला का, एखादे सॉफ्टवेअर घातले का? पडद्यावर जे लिहून आले ते नेमके कोणत्या शब्दांत? दुसऱ्या संगणकावरही तसेच होते का? या प्रश्नांनी दोषाचे क्षेत्र निम्म्याने, पुन्हा निम्म्याने कमी होत जाते. इंटरनेट चालत नाही अशी तक्रार असेल आणि त्याच जोडणीवर घरातील मोबाइल चालत असेल, तर तार, राउटर आणि कंपनी हे सारे एका फटक्यात निर्दोष ठरतात. दोष संगणकातच शोधायचा उरतो. मग तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि पाहतो. चार गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र कदाचित चालू होईल, पण कशामुळे चालू झाले हे कळणार नाही, आणि तोच बिघाड पुन्हा आला की शोध पहिल्यापासून करावा लागेल.

या रीतीचे मोल एका लहानशा उदाहरणावरून कळेल. एखाद्या दुकानदाराची तक्रार असते की बँकेचे आणि कराचे संकेतस्थळ उघडत नाही, ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे काहीतरी लिहून येते. इंटरनेट खराब झाले असावे. घाईचा माणूस राउटर बदलायला सांगेल. विचारणारा माणूस पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहील. तेथे तारीख कित्येक वर्षांपूर्वीची असते. संगणकाच्या आत घड्याळाला चालते ठेवणारा, नाण्याएवढा एक सेल असतो. यंत्राला वीज मिळत नसते तेव्हा घड्याळ त्या सेलवर चालते, आणि तो काही वर्षांनी संपतो. दुसरीकडे, प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असे प्रमाणपत्र दिलेले असते. संगणकाचे घड्याळ मागे गेले की आजचे प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते आणि तो दार उघडत नाही. म्हणजे इंटरनेट, बँक आणि सरकारी यंत्रणा सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर दोष निघतो तो काही रुपयांच्या एका सेलचा.

‘बंद करून पुन्हा चालू करा’ या सल्ल्याची पुष्कळ चेष्टा होते. पण त्यामागेही शास्त्र आहे. संगणक चालू असताना अनेक कामे एकाच वेळी स्मृतीत वावरत असतात. एखादे काम अडकते, एखादे आपली जागा सोडत नाही आणि हळूहळू गुंता वाढतो. यंत्र पुन्हा सुरू केले की ती स्मृती रिकामी होते आणि प्रत्येक काम ठरलेल्या क्रमाने पहिल्यापासून उभे राहते. मात्र रोज हेच करावे लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे आणि तो शोधलाच पाहिजे.

या प्रश्नांपुढे आपली बाजू बहुधा एका वाक्यात आटोपते: “मी काहीच केले नाही, आपोआप झाले.” हे उत्तर नेहमीच खोटे असते असे नाही, पण पुष्कळदा त्यामागे भीती असते. वयस्कर व्यक्तीला वाटते, आपल्या अज्ञानाला हा पोरगा हसेल. नोकराला वाटते, मालक पगारातून कापून घेईल. सुनेला वाटते, घरात बोलणे बसेल. आणि या भीतीपोटी नेमकी तीच गोष्ट दडवली जाते जी कळली असती तर दुरुस्ती पाच मिनिटांत झाली असती. म्हणून प्रश्न ज्या स्वरात विचारला जातो तो स्वरही दुरुस्तीचाच भाग आहे. “तुम्ही काय केलेत?” यात आरोप आहे, “काय झाले ते सांगा” यात नाही.

अक्षरे बिघडत नाहीत, वेश बदलतात

मराठी कुटुंबांत आणि संस्थांत एक तक्रार हमखास येते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तयार केलेली सभासदांची यादी, संस्थेचे अहवाल किंवा वडिलांनी टंकून ठेवलेला लेख नव्या संगणकावर उघडला की मराठीऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा विचित्र घोळ दिसतो. फाईल खराब झाली असे समजून कित्येकांनी ती पुसूनही टाकली असेल.

वस्तुतः मजकूर शाबूत असतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत. तो फॉन्ट असेल तर मराठी दिसे. नसेल तर मूळची रोमन अक्षरे उघडी पडत. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, जगभर मान्य असा क्रमांक मिळाला. आपल्या छापखान्यांत आणि कार्यालयांत मात्र जुने फॉन्ट पुढेही अनेक वर्षे रुळलेले राहिले. म्हणून अशी फाईल पुसू नये. मूळ फॉन्टचे नाव शोधावे, तो बसवून मजकूर वाचावा आणि मग परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तनानंतर जोडाक्षरे आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत. तेथेच चुका राहतात. घरातील एखाद्या विद्यार्थ्याने सुट्टीत आजोबांचे कागद असे सोडवून दिले तर ती मोठीच सेवा होईल.

न्हावा शेवा, घाना आणि मूडबिद्री

बिघडलेले यंत्र बहुधा दुरुस्त होते, न झाल्यास नवे घेता येते. आतील मजकूर गेला तर मात्र तो बाजारात विकत मिळत नाही. हा धडा आपल्याच रायगड जिल्ह्याने एकदा जवळून पाहिला आहे.

२०१७ च्या जून महिन्याचा शेवटचा आठवडा होता. १ जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू होणार म्हणून लहानमोठे व्यापारी हिशेबाची सॉफ्टवेअरे बदलण्याच्या गडबडीत होते. त्याच आठवड्यात, २७ जून रोजी, युक्रेनमध्ये एका विध्वंसक संगणकीय विषाणूचा उद्रेक झाला. पुढे त्याला ‘नॉटपेट्या’ हे नाव मिळाले. तो पसरला होता तेथील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून. जहाजवाहतुकीतील ‘मर्स्क’ ही डॅनिश कंपनी त्यात सापडली आणि उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदरात तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या धक्क्याचे काम विस्कळीत झाले. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे हे सांगणारी यंत्रणाच मुकी झाली होती.

पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितल्याप्रमाणे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक सुमारे दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. पण त्याआधी एक विलक्षण अडचण आली. कोणाला कोणत्या यंत्रात प्रवेश आहे याची नोंद सांभाळणारे सुमारे दीडशे मुख्य संगणक जगभर होते आणि ते सतत एकमेकांच्या प्रती ठेवत. एक बिघडला तर दुसऱ्यावरून घेता येईल, अशी ती व्यवस्था होती. सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. शोध घेता घेता एकच सुखरूप आढळला, आफ्रिकेतील घाना येथील कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती आणि म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता! तेथील इंटरनेट इतके मंद होते की मजकूर पाठवता येईना. अखेर एका कर्मचाऱ्याने तो घेऊन नायजेरियाच्या विमानतळापर्यंत प्रवास केला, तेथे दुसऱ्याच्या हाती दिला आणि तो इंग्लंडला पोहोचला. ज्या वीजकपातीला आपण कर्जत-खोपोलीत बोल लावतो, तिने त्या दिवशी एका जागतिक कंपनीला तारले.

यातून घरासाठी निघणारा अर्थ सरळ आहे. संगणकाला कायम जोडून ठेवलेली दुसरी हार्ड डिस्क ही खरी प्रत नव्हे. वीज पडली, विषाणू आला, पुराचे पाणी शिरले, तर मूळ आणि प्रत दोन्ही एकत्रच जातात. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या काठच्या वस्त्यांनी पाणी किती वेगाने चढते ते अनुभवले; जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. खरी प्रत ती, जी काम झाल्यावर तोडून ठेवली जाते आणि शक्यतो दुसऱ्या घरात राहते.

प्रतींचे महत्त्व आपल्या वाचकांना नव्याने सांगावे लागू नये. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्रांची प्राचीन प्रत कर्नाटकातील मूडबिद्री येथेच शतकानुशतके टिकून राहिली होती. तिला वाळवी किंवा आग लागली असती तर संपूर्ण ग्रंथ लुप्त झाला असता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून तिच्या नकला करण्याचे काम सुरू झाले, आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून पहिला खंड छापून निघाला. जी गोष्ट एकाच ठिकाणी आहे ती कधीही नाहीशी होऊ शकते, हे त्या नकलाकारांनी ओळखले होते.

परक्याच्या हाती पडदा

आता सर्वांत गंभीर विषयाकडे वळू. दुरुस्तीसाठी पूर्वी माणूस घरी येई. आज तो दुरूनही मदत करू शकतो. ‘एनीडेस्क’सारखे साधन दोन्ही बाजूंना असले आणि आपल्या पडद्यावरचा क्रमांक त्याला सांगितला, की पुण्यात बसलेला तंत्रज्ञ खोपोलीतील संगणक हाताळतो. हे साधन मुळात चांगलेच आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सेवा देणारे लोक ते रोज वापरतात. पण ज्याला तो क्रमांक मिळतो त्याला आपल्या घरात शिरलेल्या माणसाइतकी मोकळीक मिळते. याचाच गैरवापर करून खात्यातील पैसे काढले जात असल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते.

फसवणुकीची रीत साधारण ठरलेली असते. पडद्यावर अचानक लाल चौकट येते, भोंगा वाजतो, ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ असे लिहिलेले असते. किंवा बँकेचा, वीज कंपनीचा, टपाल कार्यालयाचा अधिकारी म्हणून फोन येतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतले गेले. तेथून अमेरिकेतील नागरिकांना कर अधिकारी असल्याची बतावणी करून धमकावले जात होते. लोकलच्या रोजच्या प्रवासाच्या टप्प्यात असलेल्या एका गावात, आपल्या मुलांच्या वयाची मुले हा उद्योग करत होती. आज तीच पद्धत ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने आपल्याच ज्येष्ठांवर उलटली आहे. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट नाही.

अशा वेळी आपण म्हणतो, “एवढे शिकलेले असून फसले कसे?” त्याऐवजी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: पडद्यावर चौकट आली तेव्हा त्यांनी घरातल्या कोणाला हाक का मारली नाही? त्याचे उत्तर पुष्कळदा घरातच सापडते. मागच्या वेळी मोबाइलमधील छायाचित्र कसे पाठवायचे असे विचारले तेव्हा मुलगा म्हणाला होता, “बाबा, किती वेळा सांगायचे?” नातवाने न बोलता हातातून फोन घेतला, बटणे दाबली आणि परत दिला. त्याउलट फोनवरचा भामटा अत्यंत मृदू बोलतो. तो ‘काका’ म्हणतो, ‘घाबरू नका’ म्हणतो, एकेक पायरी सावकाश सांगतो, दहादा विचारले तरी चिडत नाही. चांगल्या तंत्रज्ञाचे सारे गुण तो चोरून वापरतो. ज्या धीराची अपेक्षा घरच्यांकडून असते तो धीर जेव्हा भामट्याकडे मिळतो, तेव्हा पडद्याचे दार त्याच्यासाठी उघडले जाते.

तरीही फसवणूक झालीच तर लाज बाळगून रात्र घालवू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्याच क्षणी फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवले जातात. जितक्या लवकर नोंद होईल तितकी ते वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता अधिक. ग्राहकाने बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेची असते, असे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. म्हणजे येथेही पहिला उपाय ‘सांगणे’ हाच आहे.

विश्वासाचे व्यवहार

जगातील सर्वांत मोठ्या संगणकीय गोंधळांपैकी एक १९ जुलै २०२४ रोजी झाला. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाईलमुळे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने चूक सुमारे सव्वा तासातच मागे घेतली. पण अडकलेले असंख्य संगणक सुरूच होत नसल्यामुळे त्यांना दुरून काही करता येईना. अखेर जगभर हजारो तंत्रज्ञ एकेका यंत्रापुढे बसले, ते सुरक्षित अवस्थेत उघडले आणि ती फाईल हाताने पुसली. कितीही मोठी यंत्रणा असली तरी शेवटी कोणीतरी यंत्रापर्यंत चालत जावे लागते. कर्जतच्या पावसात रेनकोट घालून येणारा मुलगा त्याच मालिकेतील आहे.

त्याच्याशी आपले वागणे कसे असते? “पाच मिनिटे तर लागली, त्याचे काय पैसे?” हे वाक्य प्रत्येक तंत्रज्ञाने ऐकलेले असते. ती पाच मिनिटे पाच वर्षांच्या अनुभवातून आलेली असतात. त्याने सुटा भाग बदलला तर आपण पैसे देतो आणि भाग न बदलता दोष शोधला तर देत नाही. मग त्याने भाग बदलण्याकडेच वळावे, असे आपणच त्याला शिकवत असतो. शोधण्याच्या श्रमाचे मोल दिले तर प्रामाणिकपणा परवडतो.

त्याच्याकडूनही काही अपेक्षा रास्त आहेत. दुरुस्तीला आलेल्या यंत्रातील हिशेब आणि छायाचित्रे त्याच्या दृष्टीस पडतात; कामापुरते पाहावे आणि पाहिलेले बोलू नये, हा त्याच्या व्यवसायाचा धर्म आहे. बदललेला जुना भाग त्याने ग्राहकाच्या हाती द्यावा. सर्व पुसून पुन्हा बसवण्याआधी, ‘आतील मजकुराची प्रत आहे का?’ हा प्रश्न त्याने दोनदा विचारावा, आणि उत्तर निश्चित मिळेपर्यंत हात लावू नये. जो तरुण हे पाळतो त्याला जाहिरातीची गरज पडत नाही; घाटपायथ्याच्या गावांत नाव तोंडोतोंडी पोहोचते.

वाचकांनी आपल्या घरी तीन गोष्टी कराव्यात, एवढीच विनंती आहे. एक, संगणकाशेजारी भिंतीवर एक कागद लावावा; त्यावर विश्वासातल्या तंत्रज्ञाचा क्रमांक, घरातील दोन व्यक्तींचे क्रमांक आणि १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. पडद्यावर येणाऱ्या कोणत्याही क्रमांकाला फोन करण्याआधी या कागदावरच्या क्रमांकाला करायचा, हा घरचा नियम ठरवावा. दोन, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेब आणि छायाचित्रे यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क लगेच काढून भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवायला द्यावी, आणि वर्षातून दोनदा ती उघडून पाहावी. न तपासलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही. तीन, घरातील तरुणांनी आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना आठवड्यातून अर्धा तास द्यावा. त्या अर्ध्या तासात माऊस त्यांच्याच हातात असू द्यावा, आपण बाजूला बसावे, आणि तोच प्रश्न चौथ्यांदा आला तरी चौथ्यांदा उत्तर द्यावे.